नियम, घर, गाव : २०२५चे काही व्हिडिओगेम

मराठी वर्तमानपत्रात व्हिडिओगेम दोन ठिकाणी सापडतात : आरोग्याच्या पुरवणीत व्यसन म्हणून आणि अर्थविषयक पानावर उद्योग म्हणून. २०२५ साली त्यांना तिसरी जागा मिळाली. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली. रमीच्या जाहिराती थांबल्या याचे मला दुःख नाही. पण त्या दिवसांतल्या चर्चेत ‘गेमिंग’ हा एकच शब्द रमीसाठी, मोबाइलवरच्या गोळीबारासाठी आणि एखाद्या माणसाने आठ वर्षे खपून रचलेल्या कलाकृतीसाठीही वापरला गेला. कायद्याने निदान ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ वेगळे काढले. चर्चेने तेवढेही केले नाही. पंचांग, कादंबरी आणि रेल्वेचे वेळापत्रक या तिन्हींना ‘छापील मजकूर’ म्हणून मोकळे व्हावे, तसे ते झाले.

प्रस्तुत लेखात २०२५ सालात सप्टेंबरच्या पूर्वार्धापर्यंत आलेल्या चार खेळांकडे मी कलाकृती म्हणून पाहणार आहे. वर्षातल्या सर्वोत्तम खेळांच्या याद्या इंग्रजीत डझनांनी निघतात. त्यांतली बरीच नावे इथेही आढळतील, पण क्रम माझा आहे आणि कसोटीही. हे खेळ मी भाईंदर पश्चिमेला राहत्या घरी, भाचीच्या लॅपटॉपवर खेळलो. (खेळायच्या वयाचा मी नाही, बोटे कोणत्या कळांवर ठेवायची इथपासून तिने शिकवले, आणि फारसा संयम न ठेवता शिकवले.) गावाचे नाव मुद्दाम सांगतो, कारण लेखाचा उत्तरार्ध त्या गावाशी बांधलेला आहे.

आधी कसोटी. खेळाची गोष्ट आणि त्याची चित्रे महत्त्वाची खरीच, पण खेळाचा अर्थ प्रथम त्याच्या नियमांत असतो. मराठी वाचकाला हे नवे नाही. परंपरा ज्ञानदेवांच्या नावावर घालते तो मोक्षपट आठवावा. कवड्यांचे दान पडेल तशी सोंगटी चालते, सद्गुणाच्या घरातून शिडीने वर जाते, दुर्गुणाच्या घरात सापाच्या तोंडी पडून खाली येते. प्रवचन कोणी करत नाही. घसरण सोंगटीच्या वाट्याला येते आणि ती पाहताना खेळणाऱ्याच्या मनात काहीतरी हलते. पश्चिम भारतातल्या अशा पटांवर जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठाला प्रबंध सादर केला; आपल्याकडे लहान मुलांची सापशिडी तेवढी उरली. नियम तेच राहिले, घरांची नावे पुसली गेली आणि अर्थ निघून गेला. म्हणून नियम आणि त्याला मिळालेले नाव, या दोहोंचा सांधा जिथे बसतो तिथे खेळ कला होतो असे मी धरून चालतो.

या कसोटीवर वर्षातला सर्वांत गाजलेला खेळ थोडा उणा पडतो. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल या संस्थेचा ‘क्लेर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३’ २४ एप्रिलला आला आणि ३३ दिवसांत त्याच्या ३३ लाख प्रती खपल्या. त्यातली कल्पना विलक्षण आहे. ल्युमिएर नावाच्या शहरासमोर, समुद्रापार, एक चित्रकर्ती दर वर्षी शिळेवर एक आकडा रंगवते. आकडा दर वर्षी एकाने घटतो आणि त्या वयाची माणसे फुलांच्या पाकळ्या होऊन विरतात. पहिल्या तासाभरात जाणाऱ्यांच्या गळ्यात हार आहेत, निरोप आहेत, आणि मूल होऊ द्यावे की नाही हा प्रश्न आहे. इतका जड प्रश्न इतक्या हलक्या हाताने मांडलेला मी व्हिडिओगेममध्ये पाहिला नव्हता. पण एकदा मोहीम निघाली की नियम वेगळेच काही बोलू लागतात. लढाया आळीपाळीने होतात, वार चुकवायचा क्षण अचूक साधावा लागतो, आणि त्यात रमलेला खेळाडू कितीही रेंगाळला तरी वर्ष सरत नाही. ज्या जगात प्रत्येकाचा काळ मोजलेला आहे तिथे फक्त खेळाडूकडे अमाप वेळ आहे. उत्तरार्धातले वळण मी फोडत नाही. एवढेच म्हणतो की त्यानंतर एका शहराचा शोक एका कुटुंबाच्या दिवाणखान्यात जाऊन बसतो, आणि मला ते शहर हवे होते.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचा ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ याच्याविषयी खेळ म्हणून मी थोडेच बोलेन. २०१९ साली घोषित झालेला हा खेळ ४ सप्टेंबरला आला तेव्हा विक्रीची संकेतस्थळे गर्दीने काही काळ कोलमडली. तो सुंदर आहे, क्रूर आहे आणि माझ्या बोटांच्या आवाक्याबाहेर आहे. पण साहित्याच्या वाचकाला त्याची एक हकीकत ऐकायला आवडेल. चीनमधल्या खेळाडूंनी पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर नापसंतीचा पाऊस पाडला. कारण होते भाषांतर. मुळातली आटोपशीर इंग्रजी चिनीत उतरताना जुन्या शौर्यकथांच्या अलंकृत ढंगात गेली, असा त्यांचा आक्षेप होता. निर्मात्यांना भाषांतर सुधारण्याचे आश्वासन द्यावे लागले. भाषांतराच्या शैलीवरून एवढा गहजब मराठीत शेवटचा कधी झाला, ते मला आठवत नाही.

‘ब्लू प्रिन्स’ने मला महिनाभर धरून ठेवले. टोंडा रॉस यांनी आठ वर्षे खपून केलेला हा खेळ १० एप्रिलला आला. सायमन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला आजोबांच्या पिढीतल्या एका नातलगाचा वाडा वारसाने मिळणार आहे. अट एकच : पंचेचाळीस खोल्यांच्या या वाड्यातली सेहेचाळिसावी खोली शोधायची. प्रत्येक बंद दारापाशी तीन नकाशे पुढे येतात, त्यांतला एक निवडायचा, की दारापलीकडे ती खोली उभी राहते. पावले मोजकी. दिवस संपला की वाडा पुन्हा कोरा होतो आणि सायमन बाहेर तंबूत झोपतो, कारण वाड्यात मुक्काम करायला बंदी आहे. उद्या हाती राहते ते फक्त आजचे ज्ञान. वारसा म्हणजे मालमत्ता नव्हे, घर वाचता येणे, हे इथे संवादात कुठे सांगितलेले नाही. रोज मोडणारे घर आणि रोज वाढणारी माझी वही यांतून ते आपसूक कळत गेले. मोक्षपटानंतर नियमाने एवढे बोलणारा पट मी पाहिला नाही.

मात्र हा खेळ इंग्रजीत अडकलेला आहे, आणि ही अडचण तांत्रिक नाही. त्याचे नावच ‘ब्लूप्रिंट’ या शब्दावरची कोटी आहे. खोल्यांतल्या चित्रांच्या जोड्यांत इंग्रजी शब्दांचे एकेक अक्षर लपलेले आहे. एका अक्षराने शब्द बदलतो आणि त्या अक्षरांची मिळून ओळ तयार होते. मराठीत आणायचा तर भाषांतरकाराला कोडी नव्याने रचावी लागतील, आणि ती आपल्या लिपीच्या वाटेने जातील : वाट आणि वीट, दार आणि दोर, घडा आणि घोडा. आपल्याकडे शब्द बदलायला अख्खे अक्षर लागत नाही, वेलांटी किंवा मात्रा पुरते. बाराखडीत एवढे खेळ पडलेले आहेत आणि मराठी मुलांच्या हाती पडद्यावर ते फारसे येत नाहीत.

आता ‘डेस्पेलोते’. शब्दाचा अर्थ पसारा, सावळागोंधळ. इक्वेडोरमधल्या कीटो शहरातल्या हुलियान कोर्देरो आणि सेबास्तियान व्हाल्बुएना यांचा हा खेळ १ मे रोजी आला. दोन तासांत संपतो. माझ्या मते आतापर्यंतचा हा वर्षातला सर्वांत चांगला खेळ आहे.

साल २००१. हुलियान आठ वर्षांचा आहे. इक्वेडोरचा फुटबॉल संघ इतिहासात प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरण्याच्या बेतात आहे. दोनच वर्षांपूर्वी बँका बुडाल्या, लोकांच्या ठेवी गोठल्या; मग देशाने आपले चलन सोडून डॉलर घेतला; पुष्कळ माणसे देश सोडून गेली. यातले काही खेळ आपल्याला समजावून सांगत नाही. आपण एक मूल आहोत, समोर बाग आहे, चेंडू आहे. आई सांगते, अमुक वाजता परत ये, आणि मनगटावर घड्याळ आहे. बस. चेंडू घेऊन भटकावे, बाटली उडवावी, कुणाच्या खेळात घुसावे. बाकावरची माणसे बोलत असतात, मुलाच्या कानावर अर्धी वाक्ये पडतात : नोकरी, परदेशी गेलेला भाऊ, कालचा सामना. दुकानातल्या टीव्हीपुढे घोळका जमतो. उशीर झाला तर आई रागावते, पण खेळ हरवत नाही, कारण त्यात हरणे-जिंकणे मुळातच नाही.

या खेळाचा सगळा नियम त्या घड्याळात आहे. आठ वर्षांच्या मुलाला देशाचे राजकारण कळत नाही, पण सहाला घरी जायचे कळते, आणि सहा वाजायच्या आत गावात किती मावते हे त्याला पायांनी कळते. सामन्याचा दिवस आणि बागेतला वेळ एकमेकांवर आदळतात. पार्श्वभूमी खऱ्या कीटोच्या छायाचित्रांवरून घडवलेली, एकाच फिक्या रंगात बुडालेली. माणसे आणि चेंडू मात्र पांढऱ्यावर काळ्या रेघांनी काढलेले. आठवण अशीच असते : भिंती धूसर, माणसांच्या कडा स्पष्ट. संवादांसाठी निर्मात्यांनी शहरातल्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. ते स्पॅनिशच आहे, तेही तिथल्या वळणाचे. ज्याला कळत नाही त्याने अक्षरे वाचावीत. ७ नोव्हेंबर २००१ रोजी कीटोत उरुग्वेविरुद्ध १–१ बरोबरी झाली, काव्हिएदेसने डोक्याने गोल केला आणि संघ पात्र ठरला. हे कोणत्याही कोशात मिळेल. त्या दुपारी एका मुलाच्या पायाशी चेंडू होता, एवढेच कोशात मिळणार नाही.

यापुढे मुंबईकडे पाहावे लागते, कारण मुंबईही खेळात आहे. २०१८ सालच्या ‘हिटमॅन २’मध्ये मुंबईवर एक अख्खे प्रकरण आहे. डेन्मार्कच्या निर्मात्यांनी वस्ती, अर्धवट टॉवर, चित्रपटाचे चित्रीकरण आणि रेल्वेचे यार्ड मेहनतीने उभे केले. खेळाडू तिथे मारेकरी म्हणून येतो. धोबी, चित्रकार किंवा चित्रीकरणातला कामगार यांचे कपडे चढवतो आणि गर्दीत मिसळतो. रचना म्हणून हे उत्तम आहे. पण तिथला मूळ नियम असा की कपडे बदलले की माणूस बदलतो. एकाही वासियाला बोलण्यावरून परका ओळखता येत नाही. मुंबईत राहणाऱ्याला हे हसू आणील. इथे माणूस तोंड उघडताक्षणी कुठल्या स्टेशनचा ते कळते.

आपल्या निर्मात्यांचे काय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) हा आजवरचा सर्वांत परिचित भारतीय खेळ. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यानंतर जिद्दीने पुरा झालेला, त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत नामांकन मिळवणारा. सर्कशीतली मुलगी आणि तिचा हरवलेला भाऊ गोलू, महाबलासुर, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा, दुर्गा आणि विष्णू यांचा संवाद. राजी खांबावर चढते आणि गिरकी घेत वार करते तेव्हा मराठी माणसाला मल्लखांब दिसतो. तो क्षण नियम आणि जग एकत्र आल्याचा आहे. बाकी वेळ मात्र हात पाश्चात्त्य मारामारीच्या खेळात शिकलेलेच काम करतात आणि डोळे भारतीय शिल्प पाहतात. आवाज आधी इंग्रजी होते. २०२२च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आले. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ‘इंडस’ आणला, तो भविष्यातल्या कल्पित ग्रहावर घडतो. एक पुराणात, दुसरा अंतराळात. मधली जागा, म्हणजे जिना उतरल्यावर लागणारा रस्ता, रिकामी आहे. गोव्याच्या फ्रॉस्टवुड इंटरॲक्टिव्हने २०२१ साली ‘फरगॉटन फील्ड्स’मध्ये लिहिणे अडलेला लेखक आणि विकले जाणारे बालपणीचे घर असा विषय घेतला होता. त्या वाटेने फारसे कोणी पुढे गेलेले दिसत नाही.

म्हणून मीरा-भाईंदर. १९८५ साली नगरपरिषद, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. म्हणजे कीटोतल्या त्या सामन्यानंतर चार महिन्यांच्या आत. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८. एका पिढीत भरलेले हे शहर आहे, आणि बाहेरच्या जगाला त्याची ओळख दोन चित्रफितींपुरती : २०१६च्या ऑक्टोबरमध्ये मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर पडलेले छापे, आणि २०२५ साली मराठी न बोलण्यावरून एका मिठाईच्या दुकानदाराला झालेली मारहाण. त्यावर व्यापाऱ्यांचा मोर्चा, मग ८ जुलैचा मराठीसाठीचा मोर्चा. दोन्ही बाजूंच्या घोषणा मी ऐकल्या. मराठीच्या हक्काबद्दल माझ्या मनात किंतु नाही आणि मारहाणीला माझा पाठिंबा नाही. पण त्या आठवड्यात वाहिन्यांवर जे मीरा रोड दिसले त्याला गल्ल्या नव्हत्या, संध्याकाळ नव्हती.

या शहराचे नियम मात्र खेळाला आयते आहेत. सकाळी मीरा रोडच्या फलाटावर चर्चगेटच्या गाडीत शिरता येत नाही. म्हणून माणसे आधी उलटी गाडी धरून भाईंदरला, कधी विरारपर्यंत जातात आणि तिथून बसून येतात. पास तिथवरचा नसेल तर टीसीची भीती. गटाने धरलेल्या जागा, तिघांच्या बाकावर अर्धी टेकलेली चौथी सीट, बोरिवलीला उतरणाऱ्याने विरार गाडीत चढू नये हा अलिखित दंडक. किती वाजता घर सोडले तर किती मिनिटे वाया घालवून किती वेळ बसता येईल, हे गणित इथे रोज लाखो लोक पुस्तकावाचून करतात. ‘डेस्पेलोते’च्या घड्याळात जे आहे तेच हे आहे, फक्त मुलाऐवजी नोकरदार माणूस.

दुसरा नियम भाषेचा. नव्वदीतल्या व्हिडिओगेम पार्लरमध्ये ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हे नाव कोणी घेत नसे. पोरांनी त्यातल्या एका पात्रावरून त्या खेळाला ‘मुस्तफा’ म्हटले आणि सगळ्या देशाने ते मान्य केले. भाषांतराची परवानगी कोणी मागितली नव्हती. आजही इथली पोरे मोबाइलवर गोळ्या झाडताना एका दमात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी ओरडतात. मोठ्यांचे तसे नसते. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात, रिक्षात, सोसायटीच्या सभेत कोणत्या भाषेत तोंड उघडायचे याचा निर्णय समोरचा बोलायच्या आत घ्यावा लागतो, आणि त्या एका निवडीवर पुढचा भाव, पुढचा आदर, क्वचित पुढचे भांडण ठरते. ‘ब्लू प्रिन्स’मधल्या प्रत्येक दारापाशी तीन नकाशे येतात, इथे प्रत्येक गाळ्यापाशी तीन भाषा येतात.

यात उत्तनचा विसर पडू नये. चौकच्या धारावी किल्ल्याशी, वसईच्या मोहिमेशी इतिहासकार त्या बाजूला जोडतात, पण खेळाच्या दृष्टीने मोलाची आहे ती तिथल्या ख्रिस्ती कोळ्यांची मराठी. मी भाईंदर स्टेशनवरून बसने तिकडे जातो तेव्हा अर्ध्या तासात भाषेचे वळण तीनदा बदलते : स्टेशनपाशी मिश्र हिंदी, मिठागरांच्या कडेने माझ्यासारख्यांची पुस्तकी मराठी, आणि बंदरावर जी ऐकून मलाच ‘परत सांगा’ म्हणावे लागते ती. कीटोच्या त्या दोघांनी बागेत जाऊन माणसांचे बोलणे टिपले. इथे तसा खेळ कोणी रचला तर सुरुवातीच्या पडद्यावरचा ‘भाषा निवडा’ हा पर्याय काढून टाकावा लागेल, आणि उत्तनच्या बंदरावरच्या प्रसंगात मराठी खेळाडूसाठीही खाली अक्षरे द्यावी लागतील.